अनुसयाबाईंची सलग सुनावणी

परवा जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातल्या नव्या लिपिक मुलीनं सगळ्यांना विचारलं, "दोन दिवस सुट्टी आहे. खुनाबिनाची एखादी चांगली मालिका सांगा ना. अगदी खरी वाटणारी. बसलं की उठू नये अशी."

पाच जणांनी पाच नावं सांगितली. एकानं मोबाइल उघडून कुणाला किती चांदण्या मिळाल्यात तेही वाचून दाखवलं. मी डबा पुसत राहिले. मला नावं माहीत नव्हती असं नाही. पण ज्या बाईकडून मी हे बघायला शिकले, त्या समोरच्याला चार प्रश्न विचारल्याशिवाय कुणाला कधी मालिका सांगत नसत. त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. त्यांच्या जागी बसून ते प्रश्न विचारण्याची माझी ऐपत नाही.

अनुसयाबाई आमच्या कोर्टात शिपाई होत्या. कोर्ट परभणी जिल्ह्यातलं, एवढं पुरे. मी तिथे अधीक्षक आहे. म्हणजे कागद, टाचण्या, रजा आणि तक्रारी माझ्याकडे. अनुसयाबाईंकडे दार होतं. दारात उभं राहून पुकारा करायचा, म्हणजे खटल्यात ज्याची पाळी आहे त्याचं नाव तीनदा मोठ्यानं घ्यायचं. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही तर आत साहेब 'गैरहजर' लिहितात आणि पुढची तारीख पडते, नाहीतर वॉरंट निघतं. आमच्याकडे निजामाच्या काळापासून पुकाऱ्याच्या शेवटी 'हाजिर हैऽऽ' म्हणतात आणि बाईच्या नावापुढे 'भ्रतार अमुक' लावून नवऱ्याचं नाव घेतात. अनुसयाबाईंचा 'हाजिर हैऽऽ' रस्त्यापलीकडच्या झेरॉक्सच्या दुकानात ऐकू जायचा. बुटकी, वाळकी बाई, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि त्यातून तो आवाज. नवीन आलेले साहेब पहिल्या दिवशी हमखास दचकत.

त्या चारठाण्याहून एसटीनं येत. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी पीत नसत. घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच बाई स्टीलच्या डब्याला मोबाइल टेकवून, भाकरीचा तुकडा मोडत, कुणाचा तरी गळा चिरलेला शांतपणे बघत बसत.

तेही आवाज बंद करून.

पहिल्यांदा मला वाटलं, ऑफिसात त्रास नको म्हणून. विचारलं तर म्हणाल्या, "आवाजाचं काय काम, म्याडम? मी एकतीस वर्षं काचेतून कोर्ट बघितलं. आतला फॅन असा घरघरतो, शब्द एक ऐकू येत न्हाई. तोंडं तेवढी दिसतात."

खरं होतं ते. पुकारा झाला की दार ओढून त्या बाहेर स्टुलावर बसत. दाराला वीतभर काच होती. तिच्यातून त्यांनी किती साक्षी, किती निकाल बघितले याची गणती नाही. त्यामुळे मालिका कोणत्या देशाची, कोणत्या भाषेची, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. खाली इंग्रजी अक्षरं पळत असत, ती त्यांना वाचता येत नव्हती. मालिकांची नावं त्यांची त्याच ठेवत. 'बर्फातली'. 'लंगड्या फौजदाराची'. 'दोन जावांची'. 'खाणीतली, ज्यात कुत्रं मरत न्हाई ती'.

एकदा मी त्यांची परीक्षाच घेतली. आठ भागांची एक मालिका मी घरी बघून संपवली होती. खुनी शेवटच्या भागात कळतो. मला तर कळल्यावरही पटला नव्हता. तिचा दुसरा भाग त्यांच्या मोबाइलवर लावून दिला आणि म्हटलं, "सांगा आता."

मुठीनं कांदा फोडता फोडता त्यांनी वीस मिनिटं बघितलं. मग म्हणाल्या, "वहिनी."

माझा घास हातातच राहिला. "कशावरून?"

"दिराच्या मरणाची बातमी आली तवा ती सैपाकघरात व्हती. तिनं आधी गॅस बंद केला, मंग रडली. ध्यानीमनी नसताना असं ऐकणाऱ्या बाईला गॅसची याद राहत न्हाई, म्याडम. भाजी करपतीच."

मी तो प्रसंग घरी जाऊन पुन्हा बघितला. गॅस बंद करणारा हात क्षणभर, पडद्याच्या अगदी कडेला दिसतो. मी चांगली शिकलेली, चष्मा लावून, आवाज पूर्ण ठेवून ती मालिका बघितली होती.

लोक त्यांच्याकडे मालिका मागायला यायचे. त्या वैद्यासारख्या आधी तपासायच्या. घरात कुणी आजारी आहे का? इतक्यात कुणाचं मरण झालंय का? झोप लागती का? भांडण कुणाशी चालू आहे? मग ठरवायच्या. त्यांच्याकडे दोनच वर्ग होते. चोऱ्या, मारामाऱ्या, फसवणूक यांच्या मालिका 'जेएमच्या', कारण तसले खटले खालच्या कोर्टात चालतात. खुनाच्या, जड, पोटात कालवणाऱ्या मालिका 'सेशनच्या'. आमच्या स्टेनोबाईंना सातवा महिना होता. त्यांनी हट्ट धरला तरी मिळाली जेएमचीच. "बाळंत व्हा, मंग सेशनला वर्ग करते तुमची केस." एका नामांकित वकीलसाहेबांनी मोठ्या रुबाबात विचारलं, "अनुसयाबाई, मला काय सांगता?" त्या म्हणाल्या, "तुमी ती लंगड्या फौजदाराची बघा, साहेब. त्यात वकील हारतो. तुमाला सवय न्हाई, जरा होईल." साहेबांसह अख्खा व्हरांडा हसला.

मालिका सांगितली की एक अट असे. "तारीख घ्यायची न्हाई." म्हणजे मधे सोडायची नाही. आज दोन भाग, उद्या एक, पाहुणे आले म्हणून पुढच्या आठवड्यात, हे त्यांना खपत नसे. आजची पोरं त्याला बिंज का काय म्हणतात. अनुसयाबाई 'सलग सुनावणी' म्हणत. सेशनचा खटला रोजच्या रोज सलग चालवावा असं कायद्यात आहेच. कायद्यातलं ते सलगपण त्यांना कोर्टाच्या दारात क्वचितच बघायला मिळालं होतं. "तारीख पडली की माणूस घरी जातंय," त्या म्हणत. "घरी गेलं की त्याला कुणीतरी भेटतंय. भेटलं की दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड बदलतंय."

आणि मालिका चांगली की वाईट याची त्यांची कसोटी एकच होती. मेलेल्याची आई.

"पहिल्या भागात आई छाती पिटती. दुसऱ्या भागात ती दिसती का बघा. न्हाई दिसली तर बंद करा. ती सिरियल फौजदाराचं कौतुक करायला काढलेली हाय, मेलेल्यासाठी न्हाई."

मी आजवर ही कसोटी चुकलेली बघितली नाही. तुम्हीही लावून बघा.

ही कसोटी त्या मोबाइलवर शिकल्या नव्हत्या. खुनाच्या खटल्यांत मेलेल्याची आई प्रत्येक तारखेला येते. तिला कुणी समन्स पाठवत नाही, तिची साक्ष कधीच होऊन गेलेली असते, तरी ती येते आणि कुठे बसावं ते तिला कळत नाही. अनुसयाबाईंच्या स्टुलाशेजारी व्हरांड्यात एक लाकडी बाक होतं. तिथे त्या अशा बायांना लिंगायतांचा नमस्कार करून बसवत. "शरणार्थ, माय. बस इथं." मग उठून त्यांना तांब्याभर पाणी आणून देत. बोलत काही नसत. मी सुरुवातीला एकदा टोकलं, की पाणी आणायला तुम्ही दार सोडून जाता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तांब्या उचलला. पुन्हा मी तो विषय काढला नाही.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी त्या बाकावर लताची आई होती.

लता येलदरीच्या धरणाकाठची. धरणातल्या मासेमारीचा ठेका ज्याच्याकडे होता त्याच्या धाकट्या भावाची बायको. तो नवरा पहाटे तिला थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी काढायला म्हणून घेऊन गेला आणि एकटाच परत आला. पाय घसरला, बुडाली, म्हणाला. काठावर तीन माणसं होती. तिघांनी पोलिसांना सांगितलं होतं की त्यानं तिला वल्ह्यानं मारून पाण्यात ढकललं. खटला उभा राहिला तेव्हा त्यातले दोघे साक्षीत फिरले. आम्ही काही बघितलं नाही म्हणाले. उरली मीरा. चोवीस-पंचवीस वर्षांची, लताची शेजारीण. तिचा नवरा शंकर त्याच ठेकेदाराच्या मेहेरबानीवर धरणात जाळं टाकायचा. ठेकेदारानं नाही म्हटलं की घरात चूल बंद.

म्हणजे सगळा खटला मीरा उभी राहते की नाही एवढ्यावर होता. हे वकिलांना माहीत होतं, ठेकेदाराला माहीत होतं, आणि बाकावर बसलेल्या आईलाही.

मीरा पहिल्यांदा आली तेव्हा आरोपीचे वकील आजारी निघाले. तारीख. दुसऱ्यांदा साहेब रजेवर. तारीख. दर वेळी ती दोन गाड्या बदलून यायची, दिवसभर कडुलिंबाखाली बसायची आणि तशीच परत जायची. दर वेळी तिचा चेहरा जरा जास्त बारीक झालेला असायचा.

दुसऱ्या खेपेला मी खिडकीतून ऐकलं. मीरा अनुसयाबाईंना सांगायला लागली होती, "मावशी, त्या दिशी मी..." अनुसयाबाईंनी चक्क दोन्ही कानांवर हात ठेवले.

"एक शब्द न्हाई! काय बघितलं ते आत सांग, साहेबाला. मला ऐकायचं न्हाई. मोबाइल हाय का तुझ्याकडं?"

"हाय. फुटकाय."

"माझा बी फुटकाच हाय. आण इकडं." आणि त्यांनी तिला 'बर्फातली' लावून दिली. "आठ भाग हायेत. बसल्या बैठकीला बघ. तारीख घेऊ न्हको."

मी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं.

"अनुसयाबाई, साक्षीदाराशी असं बोलता येत नाही तुम्हाला. शिकवलेली साक्षीदार म्हणतील तिला."

"केसचा एक शब्द बोलले न्हाई. सिरियल सांगितली."

"काय आहे त्या मालिकेत?"

"एक बाई हाय साक्षीदार. तीन भाग रडती. चौथ्यापासून रडायची थांबती."

"आणि हे उलटतपासात निघालं तर?"

"निघू द्या की. खरीच गोष्ट हाय."

"पेन्शनचे कागद अडकतील तुमचे. चार महिने राहिलेत."

त्या उठल्या. दारापाशी जाऊन म्हणाल्या, "म्याडम, मला तिचा पुकारा करायचाय. तेवढा एक राह्यलाय."

एकतीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे, किंवा माझ्या आधीच्या कुणाकडे, काही मागितल्याचं ऐकिवात नव्हतं. आणि हे तर मला देताही येण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या खेपेला आरोपीच्या वकिलांनी कसल्याशा नकला मिळाल्या नाहीत म्हणून मुदत मागितली. पुढची तारीख फळ्यावर लागली. अनुसयाबाईंच्या निवृत्तीनंतर अकरा दिवसांनी. त्या फळ्यासमोर बोटांवर दिवस मोजून लताच्या आईला पाणी आणायला गेल्या.

निरोपाच्या समारंभात नारळ, शाल झाली. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ह्या दारात लय वरडले. आता ऐकते." आणि बसल्या.

अकरा दिवसांनी मी फाइल घेऊन साहेबांसमोर उभी होते. बाहेर नवीन शिपाई. परभणीहून बदलून आलेले, पन्नाशीचे, सज्जन गृहस्थ. पण आवाज असा की शेजारच्या टेबलालाही कळू नये. त्यांनी पुकारा केला, "मीरा भ्रतार शंकर..." उघड्या दारातून मला व्हरांडा आणि त्यापलीकडचं फाटक दिसत होतं. फाटकाबाहेर ठेकेदाराची जीप उभी होती. पुढच्या सीटवर शंकर. मीरा जीपच्या दाराशी उभी, एक पाय पायरीवर. शंकर तिला काहीतरी सांगत होता. धमकावत नव्हता, विनवत होता. ते मला जास्त वाईट वाटलं.

दुसरा पुकारा झाला. तो फाटकापर्यंतही पोचला नाही. मीराचा दुसरा पाय उचलला गेला.

व्हरांड्यातल्या बाकावर लताची आई होती आणि तिच्या शेजारी, साध्या हिरव्या लुगड्यात, भस्माचे पट्टे लावून, अनुसयाबाई. आता त्या कोर्टाच्या कुणी नव्हत्या. रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही बाईइतकाच त्यांचा त्या दाराशी संबंध होता. त्या उठल्या.

"मीऽऽराऽऽ! हाजिर हैऽऽ!"

भ्रतार नाही, शंकर नाही. नुसतं मीरा. झेरॉक्सच्या दुकानातलं पोरगं बाहेर येऊन बघायला लागलं. कडुलिंबावरचे कावळे उडाले. आत साहेबांनी मान वर केली. ते तीन वर्षं तो आवाज ऐकत होते आणि गेले अकरा दिवस ऐकला नव्हता. मी अधीक्षक होते. बिगर नेमणुकीच्या बाईनं पुकारा केला, याची नोंद माझ्या हातून व्हायला हवी होती.

"तिसरा पुकारा झाला का?" साहेबांनी मला विचारलं.

"झाला," मी म्हणाले.

मीरा चालत आत आली. तिच्या एका पायात चप्पल नव्हती; ती जीपपाशीच राहिली होती.

तिनं काय बघितलं ते तिनं सांगितलं. सरळ, हळू, एकेक. मग उलटतपास सुरू झाला, आणि जे मी बोलून दाखवलं होतं तेच झालं. वकिलांनी तासभर तिला धरणाकाठी फिरवलं. जे माहीत होतं ते ती सांगे. जे नव्हतं त्याला "माहीत न्हाई" म्हणे आणि पाणी पिऊन पुढच्या प्रश्नाची वाट बघे. मग त्यांनी चष्मा काढला.

"तुम्ही मोबाइलवर खुनाच्या मालिका बघता?"

"एक बघितली."

"कुणी सांगितली होती?"

"दारातल्या मावशीनं."

लबाडी तिला करता आली असती. केली नाही.

"कोर्टाच्या शिपाईबाईनं! आणि केसबद्दल काय काय शिकवलं त्यांनी?"

"काईच न्हाई. मी सांगायला गेले तर तिनं कानावर हात ठेवले."

"माझं म्हणणं आहे की ती मालिका बघून बाईला पाण्यात ढकलल्याची ही गोष्ट तुम्ही रचली."

"त्यात पाणीच न्हाई, साहेब. बर्फ हाय."

मागे कुणीतरी हसलं. मीरा हसली नाही. ती साहेबांकडे वळली.

"त्यातली मेलेली बाई नुसती रंग लावून निजली व्हती, ते दिसतंय की. लता तशी न्हवती. जत्रेला जायाचं म्हणून तिनं माझ्या बाळ्या मागून नेल्या व्हत्या. बाहेर काढली तवा तिच्या कानात माझ्याच बाळ्या व्हत्या. त्या अजून पोलिसाच्या डब्यात हायेत."

जप्त केलेल्या वस्तूंची यादी माझ्या हातातल्या फाइलीत होती. 'पिवळ्या धातूच्या बाळ्या, एक जोड.' ती ओळ मी स्वतः दोन वेळा तपासून सही केली होती. कुणाच्या, हा प्रश्न मला पडला नव्हता. वकिलांनाही पडला नव्हता. त्यांनी चष्मा परत घातला आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं.

मी काचेतून बाहेर बघितलं. अनुसयाबाई काचेपलीकडे उभ्या होत्या, नेहमीच्या जागी. त्यांना एक शब्दही ऐकू आलेला नव्हता. त्यांनी मीराचं तोंड बघितलं, वकिलांचं बघितलं, आणि बाकाकडे वळून लताच्या आईला मान हलवून 'झालं' म्हणून सांगितलं.

मीराच्या घरी पुढे सोपं गेलं नाही. शंकरचं जाळं ठेकेदारानं बंद केलं. ती दोघं सोनपेठला मीराच्या माहेरी राहायला गेली, तिथे तो आठवडी बाजारात मासे विकतो. ही किंमत तिला कडुलिंबाखाली बसल्यापासूनच ठाऊक होती.

निकाल काही महिन्यांनी लागला. त्या दिवशी मी अनुसयाबाईंना शेवटचं बघितलं. व्हरांडा भरलेला होता. जन्मठेप झाल्याचं बाहेर कळलं तेव्हा गलका उठला. कुणी टाळ्या वाजवल्या, आरोपीकडच्या बाया रडायला लागल्या, कुणी मोबाइल उंच धरला. लताची आई रडली नाही. ती बाकावर नुसती बसून होती, हात मांडीत. सगळे तिच्याकडे बघत होते, आता ही काय करते म्हणून.

मी नाही बघितलं. मला एवढं तरी शिकवलं गेलं होतं की पडद्याच्या कडेला बघावं. तिथे एक बुटकी, वाळकी बाई गर्दीतून वाट काढत, तांब्या घेऊन नळाकडे चालली होती.